हाताची कड

सोलापुरात सात रस्त्यापासून जरा आत वळलं की एका चिंचेच्या झाडाखाली चार पत्रे टाकून ईरप्पाचं गॅरेज होतं. पाटी नव्हती, आणि पाटीवाचून त्याचं कधी अडलंही नाही. इंजिनाचं काम असलं तर ड्रायव्हर लोक दुसऱ्या मिस्त्र्यांकडे जात, गिअरबॉक्सला आणखी कुणी होते. पण पुढच्या चाकात आवाज आला, स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं, की सगळे एकच सांगायचे, ‘ईरप्पाकडं जावा.’

बघणाऱ्याला त्या कामात काही विशेष वाटत नसे. चाक उचलायचं, त्याच्या मधला हब काढायचा, बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन त्यात नवं ग्रीस भरायचं, परत चढवायचं आणि वरून नट आवळायचा. पण सगळी गोम त्या आवळण्यात. नट ढिला राहिला तर चाक डुलायला लागतं. जास्त बसला तर बेरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन गळून जातं आणि लोखंड लोखंडाला खायला लागतं. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी. ईरप्पा एका हातानं चाक फिरवत नट घट्ट करायचा, मग सोडायचा, मग नुसत्या बोटांनी परत लावायचा. मग चाक वरून-खालून धरून हलवून बघायचा. त्या वेळी तो बोलायचा नाही, कुणाला बोलू द्यायचा नाही. ‘बास’ म्हणाला की पिन घालायची. त्याचं ‘बास’ वीस वर्षांत चुकलं नव्हतं.

गेल्या वर्षापासून मात्र त्याच्या उजव्या हाताला काहीतरी झालं होतं.

आधी करंगळी बधिर झाली. मग तिच्या शेजारचं बोट. थंडीमुळे असेल, पेट्रोलमुळे असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण उन्हाळा आला तरी बोटं तशीच राहिली. तळहाताची बाहेरची कड मेल्यासारखी झाली, आणि उरलेल्या बोटांनाही पातळ फडकं गुंडाळल्यासारखं वाटायला लागलं. कोपराच्या वर रुपयाएवढा एक फिकट तांबूस डाग होता. टाचणी टोचून बघितली तर तिथं काही कळत नव्हतं. त्या दिवसापासून ईरप्पा भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लागला.

त्याला नाव माहीत होतं. लहानपणी गावाबाहेर ओढ्याकाठी एक म्हातारी राहायची. तिच्या पुढ्यात लोक लांबूनच भाकरी टाकायचे. रगतपिती म्हणायचे तिला. ईरप्पानं ते नाव मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नाही. सरकारी दवाखान्याची माणसं त्याच्या भवानी पेठेत घरोघर फिरून अंगावरचे डाग तपासायला आली, तेव्हा तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि दुपारपर्यंत मागवाल्यांच्या गल्लीत भटकत राहिला.

कारण घरात रुद्राणी होती. एकुलती एक पोरगी, सातवी शिकलेली, आणि अक्कलकोटच्या बाजूचं चांगलं स्थळ ठरलेलं. मुलाच्या बापाचं किराणा दुकान होतं. वैशाखात लग्न धरलं होतं. तेवढं एकदा उरकू दे, मग दवाखाना बघू, असा ईरप्पाचा हिशेब होता. सहा-सात महिन्यांचा तर प्रश्न होता.

त्या महिन्यांत त्यानं काम थांबवलं असतं तरी चाललं असतं. पण थांबायचं म्हणजे कारण सांगायचं आलं. म्हणून तो बोटांच्या ऐवजी मोजून काम करायला लागला: नट इतका आवळायचा, इतका सोडायचा. दिवाळीच्या आसपास एका ट्रकचं चाक त्याच्या हातून ढिलं राहिलं. ड्रायव्हर दोन दिवसांनी परत आला आणि चारचौघांत हसत म्हणाला, “मिस्त्री, चाक डुलतंय की! म्हातारं झालात का काय?” लोक हसले. ईरप्पाही हसला. पण ते त्याच्या मनाला फार लागलं, आणि तेव्हापासून तो नट थोडा जास्तच आवळायला लागला.

पौषात माढ्याचा रावजी आला.

रावजीकडे एक जुनी डॉज गाडी होती. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं मोडीत काढलेली ती गाडी त्यानं विकत घेऊन स्वतः उभी केली होती, आणि तिच्यातून तो माढ्याची माणसं सोलापूरच्या बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला आणायचा. गाडी उभी करताना ईरप्पाच त्याच्यासोबत महिनाभर खपला होता. तेव्हापासून दोघांचं सख्ख्या भावासारखं होतं. रावजीला थोरली बहीण होती, बजाबाई. लवकर नवरा गेला म्हणून माहेरी परत आली आणि आईमागं रावजीला तिनंच वाढवलं. ईरप्पा त्या महिन्यात माढ्याला राहिला तेव्हा त्यालाही तिनंच जेवू घातलं. ती त्याला ‘ईरू’ म्हणायची. तसं त्याला आईनंतर कुणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी रावजी घाईत होता. बजाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं; आठ दिवस दवाखान्यात ठेवून आज तिला सोडणार होते.

“उजव्या चाकात घूं घूं व्हतंय,” रावजी म्हणाला. “येताना पार मोहोळपासनं. बघ जरा. तवर मी आक्काला घेऊन येतो.”

“ठिवून जा. दोन तासांत करतो.”

ईरप्पानं चाक उचललं. बेरिंग चांगलं होतं, नुसतं कोरडं पडलं होतं. त्यानं ते धुतलं, ग्रीस भरलं, हब चढवला. नट आवळत चाक फिरवलं. मग सोडला. मग बोटांनी लावायला गेला, तर बोटं काही सांगेचनात. त्यानं डोळे मिटून बघितलं. चाक धरून हलवलं. हललं की नाही हललं, कळेना. पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळत नव्हती. नट अर्धी खाच पुढं तरी न्यायला हवा होता, नाही तर मागं तरी. अशा वेळी मागंच यायचं, हे त्यानं स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण त्याला तो ट्रकवाला आठवला. ‘चाक डुलतंय की.’ त्यानं पाना लावला आणि नट पुढं नेला. पिन बसली.

चाक हातानं फिरवलं तर ते लवकर थांबलं. नवं ग्रीस आहे, घट्ट आहे, असं त्यानं मनाला सांगितलं.

तरी सवयीप्रमाणे गाडी घेऊन तो होटगी रस्त्यानं चार-पाच मैल जाऊन आला. परत आल्यावर उतरून हबला हात लावून बघायचा, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. हातानंसुद्धा कसं बघायचं, तेही उस्तादानं शिकवलं होतं: चटका बसलाच तर तो कामाच्या बोटांना बसू नये, म्हणून हाताची बाहेरची कड टेकवायची. ईरप्पानं तशीच कड टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली. काही नाही. गार होतं.

“बास,” तो स्वतःशीच म्हणाला.

बारा-साडेबाराला रावजी बजाबाईला रिक्षातून घेऊन आला. तिच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं लोंबत होतं. दुसऱ्या डोळ्यानं तिनं ईरप्पाला न्याहाळलं.

“वाळलास रं ईरू.”

“न्हाय आक्का. तुमास्नी एका डोळ्यानं तसं दिसतंय.”

ती हसली. “पोरीच्या लग्नाला दोन डोळ्यांनी येते बघ. मग सांगते वाळलास का न्हाई ते.”

रावजीनं तिला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी घोंगडं दिलं. गाडी सुरू झाली आणि रस्त्याला लागली. ईरप्पा ती वळेपर्यंत बघत उभा राहिला. मग हात धुवायला पाण्याच्या डब्यापाशी गेला.

साबण लावून ग्रीस काढलं तेव्हा त्याला तो फोड दिसला. करंगळीच्या खाली, हाताच्या कडेला, बोटभर लांब. कातडी पांढरी होऊन वर आलेली, आतून पाणी धरलेली. त्यानं अंगठ्यानं दाबून बघितला. काही दुखलं नाही.

ईरप्पा डब्यापाशी तसाच उकिडवा बसून राहिला. हात कुठं भाजला असेल, ते तो शोधायला लागला. सकाळी सायलेन्सरला लागला असेल. घरी चहाच्या पातेल्याला लागला असेल. पण सकाळी तोंड धुताना हात साफ होता, हे त्याला चांगलं आठवत होतं. आणि फोड बरोबर तिथंच होता, जिथं त्यानं हबला हात टेकवला होता.

शेजारी धोंडीरामचं पंक्चरचं दुकान होतं. त्याची फटफटी दारातच उभी होती. ईरप्पा उठून त्याच्याकडे गेला.

“धोंडीराम, मला जरा मोहोळकडं सोडतोस?”

“आत्ता? चला की.” धोंडीराम हातातली ट्यूब खाली ठेवून उठला. “काय झालं? रावजीचं काय ऱ्हायलं का?”

एवढा साधा प्रश्न. ‘चाक जास्त आवळलंय’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आलाच असता: मिस्त्री, तुम्ही हात लावून बघितला नाही का? ईरप्पानं फोड आलेला हात सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतला.

“काय न्हाय,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे. उद्या बघू.”

“आवं, सोडतो की.”

“न्हाय, ऱ्हाऊ दे.”

तो परत आपल्या पत्र्याखाली येऊन बसला. रावजी सावकाश चालवतो. बेरिंग आपोआप जागा करून घेईल. पहिल्यांदा थोडं तापतंच. असं काहीबाही तो मनाशी म्हणत राहिला. दोन वाजले, तीन वाजले. आता ते माढ्याला पोचले असतील, असं त्याला वाटलं आणि जरा हायसं झालं. दिवस मावळायच्या आत तो घरी गेला, आणि बायकोनं, सिद्धम्मानं, वाढलेली भाकरी डाव्या हातानं खाताना तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, पान्यानं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माढ्याकडून आलेल्या एका एसटी ड्रायव्हरनं मुद्दाम गाडी वळवून बातमी आणली. रावजीची डॉज मोहोळच्या पुढं पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या चारीत गेली. उजवं चाक जाम होऊन गाडी एकदम आडवी फिरली. रावजीच्या खांद्याचं हाड मोडलं. म्हातारी जागीच गेली.

ईरप्पा मातीला गेला नाही. जायला हवं होतं, सगळ्यांनी म्हटलंही. त्याला ताप आहे असं सिद्धम्मानं लोकांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी रावजी स्वतः आला. एसटीनं आला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, डोकं भादरलेलं. ईरप्पानं त्याला लांबून ओळखलंच नाही. रावजी बाकावर बसला. मग आपणहूनच बोलायला लागला.

“माझी चूक झाली, ईरप्पा.”

ईरप्पानं बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

“मोहोळ सोडल्यावर आक्का म्हनली, रावजी, कायतरी जळतंय रं. मी म्हनलं, नवं ग्रीस हाय आक्का, पयल्यांदा वास येतोच. परत म्हनली. दोनदा म्हनली बघ. मी थांबलो न्हाय. तुझा हात लागलाय म्हनल्यावर काय व्हतंय, म्हनून चालवत ऱ्हायलो.” त्यानं गळ्यात बांधलेला हात सावरला. “आता लोक तुला बोलत्यात. तितं पारावर बोलत हुते, मिस्त्रीनं काम बिघडवलं म्हनून. मी त्यांस्नी सांगितलं, ईरप्पाच्या कामाला नाव ठिवायचं न्हाय. मी थांबायला पायजे हुतं. तुझ्या जिवाला लागलं आसंल, म्हनून सांगायला आलो.”

ईरप्पाला वाटलं, आत्ता ही जमीन फाटली तर बरं होईल. पुढ्यात बसलेल्या या माणसानं त्याची सुटका स्वतःच्या हातानं आणून दिली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. वैशाख आता तीन महिन्यांवर आला होता.

त्यानं सदऱ्याची बाही वर केली आणि हात रावजीपुढं धरला. फोड फुटून तिथं आता ओली जखम झाली होती. बरी होत नव्हती.

“तुझी चूक न्हाय,” तो म्हणाला. “माझी हाय. नट म्या जास्त आवळला. हबला हात लावला, ही कड लावली. भाजून निघाली, पर मला कळलं न्हाय. ह्या हाताला काय कळतच न्हाय रावजी. वरीस झालं.”

रावजी हाताकडं बघत राहिला. मग त्याची नजर कोपरावरच्या डागाकडं गेली. तो डोळ्यांनीच थोडा मागं सरल्यासारखा झाला, पण जागचा हलला नाही.

“दुखत न्हाय?”

“न्हाय.”

“आन् भाजलंय हे कवा कळलं तुला?”

इथं खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, म्हणता आलं असतं.

“तुमी गेला आन् लगेच. हात धुताना.”

“म्हंजे आमी वाटंवर हुतो.”

“व्हय.”

“धोंडीरामची फटफटी कुटं हुती?”

“हितंच हुती. म्या त्याला चल म्हनलं. त्यानं इचारलं कशाला, आन् मग मी... मी ऱ्हाऊ दे म्हनलं.”

“का?”

“रुद्राणीचं लगीन हाय वैशाखात.”

रावजीनं मान खाली घातली. रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याच्या मागून शाळेच्या पोरी गेल्या. मग तो बोलला, तेही ईरप्पाशी नव्हे, जमिनीशी बोलल्यासारखं.

“मोहोळात आमी थांबलो हुतो. आक्काला च्या प्याचा हुता. डोळ्याला ऊन लागतंय म्हनून तिला सावलीत बशिवली. अर्धा तास तरी बसलो आसंल. जास्तच.”

ईरप्पाची नजर धोंडीरामच्या दारातल्या फटफटीकडं गेली. रावजी उठला. डाव्या हातानं धोतराचा सोगा सावरला.

“मला लोक इचारतील,” तो म्हणाला.

“खरं सांग त्यांस्नी.”

“न्हाय सांगायचो.” तो वळून ईरप्पाकडं बघत म्हणाला. “तुझ्यासाठी न्हाय. तू माझ्या माणसांतला न्हाईस आता. ती तुला ईरू म्हनायची, म्हनून.”

आणि तो चिंचेखालून निघून गेला. एसटी स्टँडपर्यंत सोडायला जायची ईरप्पाची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी ईरप्पानं सिद्धम्माला सगळं सांगितलं. घरात ते कानडी बोलत. पण रोगाचं नाव त्यानं मराठीतच घेतलं, जणू दुसऱ्या भाषेत ते जरा लांबचं राहील. सिद्धम्मा विड्या वळत बसली होती. तिच्या मांडीवरच्या सुपातली पानं तशीच राहिली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “गौरीच्या वेळी तुम्ही तापलेला तवा तसाच धरलात. मी बघितलं. तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही का नाही बोललात?” ती म्हणाली. “त्याच कारणानं मीही नाही बोलले.”

दोघं बोलत होते तेव्हा रुद्राणी आतल्या दाराशी उभी होती, ते त्यांना मागाहून कळलं. ती बाहेर आली. रडत नव्हती.

“अप्पा,” ती म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं? लग्न मोडलं असतं. ते आताही मोडणार. ती बाई तर राहिली असती.”

दुसऱ्या दिवशी ईरप्पा कामावर गेला नाही. 

तो दवाखान्यात गेला. तिथला तरुण डॉक्टर त्याच्याशी न घाबरता बोलला, त्याचा हात हातात घेऊन कोपराची शीर चाचपली. म्हणाला, गोळ्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. रोग थांबेल. घरच्यांना भीती राहणार नाही. “पण बोटांतलं जे गेलंय ते परत येणार नाही,” तो म्हणाला. “वर्षभर आधी आला असतात तर आलं असतं.” सगळीकडं एकच गोष्ट निघत होती.

अक्कलकोटच्या बाजूला मुलाच्या घरी तो स्वतः गेला. कुणाच्या तरी तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावं, एवढंच आता हातात होतं. मुलाच्या बापानं त्याला ओट्यावर बसवलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाला, “तुमी सांगितलं हे चांगलं केलं, मिस्त्री.” पण पाण्याचा तांब्या कुणी आणला नाही. आठ दिवसांत साखरपुड्याचं सामान परत आलं. विहिणीला दिलेली साडी तशीच घडीत होती. सिद्धम्मानं ती ट्रंकेत तळाशी ठेवली.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. गॅरेजवर येणारे ड्रायव्हर आधी कमी झाले, मग थांबले. काहीजण लांबून हात करत, विचारपूस करत, पण गाडी दुसरीकडं नेत. ईरप्पाला त्यांचा राग आला नाही. कुणी आणली असती गाडी तरी त्यानं आता चाकाला हात लावला नसता. त्यानं पाने, जॅक, हातोडे सगळं धोंडीरामला देऊन टाकलं. धोंडीराम घेताना म्हणाला, “मिस्त्री, त्या दिवशी मी उगं इचारलं. मी न इचारता फटफटी काढायला पायजे हुती.”

“तू बरोबर इचारलंस,” ईरप्पा म्हणाला. “कुणीबी इचारलंच आसतं.”

भवानी पेठेत एका तेलुगू चादरवाल्याच्या गोदामावर त्याला राखणदाराची नोकरी मिळाली. मालकाला त्यानं पहिल्याच दिवशी हात दाखवून सगळं सांगितलं. मालक म्हणाला, माल आत असतो, तुम्ही दाराबाहेर बसायचं. ईरप्पा दाराबाहेर बसायला लागला. शेजारच्या कारखान्यातून सतत मागांचा खटखटाट ऐकू यायचा. रुद्राणी शिवणकाम शिकली, आणि गल्लीतल्या बायका कपडे आणून द्यायला लागल्या. काही बायका आणायच्या, काही नाही आणायच्या. तिचं लग्न पुन्हा कुणी काढलं नाही. ती बापाशी बोलायची, त्याच्या गोळ्यांची वेळ सांभाळायची, त्याच्या हाताच्या जखमा गरम पाण्यानं धुऊन द्यायची. पण पूर्वीसारखी ती त्याच्याशी हसून बोलली नाही, आणि त्यानंही तशी अपेक्षा ठेवली नाही.

रावजी परत आला नाही. माढ्याकडच्या माणसांकडून कानावर यायचं: खांदा भरून आला, डॉज चारीतून काढली, गाडी परत रस्त्यावर आणली. आक्काच्या वर्षश्राद्धाला ईरप्पानं जायचं ठरवलं होतं. पहाटे उठून तो स्टँडवर गेलाही. माढ्याची गाडी लागली, भरली, सुटली. तो बाकावरून उठला नाही. आपण तिथं गेलो तर रावजीला सगळ्यांसमोर एक तर आपल्याला जवळ बसवावं लागेल, नाही तर लांब. दोन्ही त्याच्यावर लादायला नकोत, असं त्याला वाटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी ईरप्पा दवाखान्यातून गोळ्या घेऊन सात रस्त्यानं परत येत होता. पावसानं जरा उघडीप दिली होती. समोरून डॉज आली. मडगार्ड नवं बसवलं होतं, रंग वेगळा होता, पण गाडी तीच. मागं पाच-सहा माणसं बसली होती. रावजीनं त्याला बघितलं. गाडी थोडी पुढं गेली आणि थांबली. ईरप्पा जिथं होता तिथंच उभा राहिला. मग सावकाश चालत खिडकीपाशी गेला.

रावजीचे केस पांढरे झाले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

“बरं हाय?” ईरप्पानं विचारलं.

“हाय.” रावजी म्हणाला, “काम आता बार्शीला करतो गाडीचं.”

“चांगलं करत्यात?”

“करत्यात.”

मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, “चला की वो रावजी, कोर्टाची येळ झाली.” रावजीनं ऐकलं नाही. त्याची नजर ईरप्पाच्या हातातल्या कागदी पुडीकडं गेली.

“गोळ्या हायत का?”

“व्हय.”

“चुकवत न्हाईस न्हवं?”

“न्हाय.”

“घेत जा,” रावजी म्हणाला. त्याला आणखी काही बोलायचं होतं की नव्हतं, ते कळलं नाही. त्यानं गिअर टाकला. मागून एक ट्रक भोंगा वाजवत होता. डॉज निघाली आणि कोर्टाच्या दिशेनं वळली.

पावसाचे थेंब पडायला लागले तशी ईरप्पानं पुडी सदऱ्याच्या आत सरकवली. चार वाजता त्याची पाळी होती. तो भवानी पेठेकडं चालायला लागला.